पार्सिपनीचे सरपणकाका

आमच्या दाराची बेल ते कोपराने वाजवायचे, कारण हात कधी मोकळेच नसायचे. नोव्हेंबर ते मार्च, दर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास बेल दोनदा तुटक वाजली, की माझा नवरा मिलिंद लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणायचा, "आलं बघ सरपण." दार उघडलं की आधी छातीशी कवटाळलेली लाकडं दिसायची, त्यांच्यावर एक तपकिरी माकडटोपी, आणि टोपीतून आवाज यायचा, "सरका, सरका. ओझं आहे." मग एकही लाकूड न सांडता ते थेट फायरप्लेसपाशी. "कसे आहात, काय चाललंय" वगैरे त्यानंतर. कधीकधी तेही राहून जायचं.

त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी अमेरिकेतल्या या पार्सिपनी गावातल्या मराठी मंडळींना ओळख पटायची नाही, कारण सगळ्यांच्या तोंडी ते सरपणकाकाच होते. मिलिंदच्या ऑफिसात ते कोबॉलवाले. नव्या पोरांनी हात लावायला भ्यावं असे जुनेपुराणे प्रोग्रॅम ते सांभाळायचे. पंचावन्नच्या आसपास वय, बुटकी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, मूळ गाव नागपूर. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, याबद्दल आमच्याकडे तीन वेगवेगळ्या कथा होत्या आणि तिन्ही त्यांनी स्वतःच तीन घरी सांगितलेल्या होत्या.

त्यांच्याकडे एक लांबडी जुनी स्टेशन वॅगन होती. मागच्या सीट्स कायमच्या पाडलेल्या, त्यांवर फोडलेल्या लाकडांच्या थप्प्या आणि थप्प्यांवर सोलापुरी चादर. आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी ती चादर ते चारी बाजूंनी खोचायचे. गाडीत बसलं की कपड्यांना भुसा लागायचा. एकदा मिलिंदच्या कॉलरवर मीटिंगमध्ये एक भुंगा निघाला, तर काका पलीकडच्या खुर्चीवरून सगळ्यांदेखत म्हणाले, "माझा आहे तो."

आणि गंमत म्हणजे स्वतःच्या घरी त्यांच्याकडे फायरप्लेस नव्हतीच. दुसऱ्या मजल्यावरचं एक बेडरूमचं अपार्टमेंट, भिंतीला हीटर. लाकडं विकत घ्यायची, गाडीत भरायची आणि वार लावून दुसऱ्यांच्या घरी नेऊन पेटवायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार अशी चार घरं ठरलेली होती. शुक्रवार आमचा. बोलावणं वगैरे भानगड नसे. गवळी जसा दूध घालायला येतो तसे ते यायचे. मी एकदा विचारलं, "काका, फायरप्लेसवालं अपार्टमेंट का नाही घेत?"

"एकट्याने आगीसमोर बसू काय?" ते म्हणाले. "त्यापेक्षा टीव्ही पाहीन. आगीला चार माणसं लागतात, पोरी. दोन बोलणारी, एक ऐकणारं आणि एक भांडणारं."

त्यांच्या वडिलांची नागपुरात लाकडाची टाल होती. टाल म्हणजे पुण्याकडे जिला वखार म्हणतात ती. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि काट्यावर लाकडं मोजायला उभं राहायचं. हातात कुसळं घुसायची. ती आई रात्री सुईने काढायची. "या टालीतून सुटायचं म्हणून गणितं घासली मी," ते सांगायचे. "कंदिलाखाली घासली. पहिला आलो. इंजिनीअर झालो, विमानात बसलो, अमेरिकेत आलो. आणि आता काय करून राहिलो? पाहा!" असं म्हणून दोन्ही काखांतली लाकडं दाखवायचे आणि खो खो हसायचे. घरोघरी गॅस आल्यावर टाल बसली. वडिलांनी जागा विकली. तिथे आता बाथरूमच्या टाइल्स मिळतात, हे सांगताना मात्र ते हसत नसत.

आमची आणि त्यांची ओळख झाली ती फसवणुकीतून. आम्ही दोन हजार तीन साली पार्सिपनीत टाउनहाउस घेतलं. घर दाखवताना एजंट बाई फायरप्लेसपाशी जरा जास्तच रेंगाळल्या होत्या आणि आम्ही भुललो होतो. थंडी पडली तशी हौस आली. पहिल्यांदा ग्रोसरीच्या दुकानाबाहेरून जाळीत बांधलेली पाच-सहा लाकडं आणली. ती तासाभरात संपली. मग रस्त्याच्या कडेला पिकअप ट्रक लावून उभ्या असलेल्या एका माणसाकडून 'फुल लोड' घेतला. फुल लोड म्हणजे किती, हे आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. गॅरेजसमोर लाकडं ओतून तो निघून गेला.

ती लाकडं जळेनात. पेटवली की टोकांतून फेस यायचा, चुर्रर्र आवाज व्हायचा आणि धूर निम्मा धुराड्यात, निम्मा हॉलमध्ये. स्मोक अलार्मखाली टॉवेल फडकवून मिलिंदचा खांदा धरला. "फायरप्लेसच बिघडलीये," असा निष्कर्ष काढून आम्ही तिच्यासमोर टीव्हीचं स्टँड ठेवलं.

ही हकीकत मिलिंदने ऑफिसात लंचला सांगितली आणि त्याच संध्याकाळी हे गृहस्थ त्याच्या मागोमाग घरी आले. माझ्याकडे न बघता गॅरेजमध्ये गेले, एक लाकूड उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि लाकडाचा फोडलेला भाग गालाला लावून डोळे मिटून उभे राहिले. फोनवर पलीकडच्याचं बोलणं ऐकावं तसे. मी मिलिंदकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

"गार लागून राहिलं," ते डोळे उघडून म्हणाले. "वाळलेलं लाकूड गालाला गार लागत नाही. हे झाड मागच्या महिन्यात उभं होतं. फायरप्लेसला काही झालेलं नाही बे, मिलिंद. तू भैताड आहेस."

मला ते तेव्हाच आवडले.

पुढच्या शनिवारी ते आम्हाला त्यांच्या लाकूडवाल्याकडे घेऊन गेले. तासाभराच्या अंतरावर, डोंगरांच्या बाजूला एका अमेरिकन शेतकऱ्याचं आवार होतं. लाल चौकडीचा जाड शर्ट घातलेला, फार न बोलणारा म्हातारा. तो काकांना 'प्रोफेसर' म्हणायचा. वाटेत काकांनी आमची शिकवणी घेतली. लाकूड कॉर्डमध्ये मागायचं. कॉर्ड म्हणजे आठ फूट लांब, चार फूट उंच, चार फूट रुंद अशी नीट रचलेली रास. ट्रकभर, गाडीभर असलं काही बोलायचं नाही. लाकडाच्या टोकांना चिरा हव्यात. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की टण्ण वाजायला हवीत, धप्प वाजली की परत ठेवायची. आणि विकणारा बोलत असेल तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, लाकडाकडे बघायचं.

आवारात पोचल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून भांड्याच्या साबणाची बाटली काढली. ओकच्या एका टोकाला साबण चोळला, दुसऱ्या टोकाला तोंड लावलं आणि गाल फुगवून फुंकू लागले. चेहरा जांभळा झाला. मी घाबरून पुढे झाले, तेवढ्यात लाकडाच्या पलीकडच्या टोकावर साबणाचे बारीक बारीक बुडबुडे आले. आरपार हवा जात होती.

"पाहिलं? आतून मोकळं झालं. वाळलं," ते धापा टाकत म्हणाले.

म्हातारा खांबाला टेकून शांतपणे बघत होता. "दर वर्षी असंच करतो," तो मला म्हणाला. "माझ्या नातवंडांना याच्यासाठी बोलावून घेतो मी."

भाव करण्याची त्यांची पद्धतही निराळी. पैशांबद्दल शब्द काढायचे नाहीत. रास रचून झाली की तिच्याभोवती फिरायचे, फटींत हात घालायचे आणि "इथे मांजर मावते" एवढंच म्हणायचे. म्हातारा मुकाट्याने फटीत आणखी एक लाकूड बसवायचा. सगळ्या फटी बुजेपर्यंत हे चालायचं. मग दोघं हात मिळवायचे.

घरी ती लाकडं आम्ही अंगणातल्या कुंपणाला लागून रचली. दोन तास लागले. काका चहा पिऊन बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "सालीची बाजू वर पाहिजे. पाऊस पडला तर?" आम्हाला ती सगळी रास मोडून पुन्हा रचावी लागली. शेजारची बाई खिडकीतून पाहत होती. तिसऱ्या वर्षी तिनेही काकांबरोबर जाऊन लाकडं आणली आणि सालीची बाजू वर ठेवली.

दोन हजार सातला त्यांचं काँट्रॅक्ट संपलं आणि ते टेक्सासला, फ्रिस्कोला गेले. पहिल्या आठवड्यात फोन. आवाज खोल गेलेला. "पोरी, इथे थंडीच नाही. ज्यांच्या घरी फायरप्लेस आहे ती बटणावर पेटते. आगीला बटण! मी कसा राहू इथे?" दीड महिन्याने पुन्हा फोन, या वेळी मला कानापासून रिसीव्हर लांब धरावा लागला. तिकडे मेस्किट नावाचं एक लाकूड मिळतं, त्याच्या निखाऱ्यावर भाजलेलं वांगं असं होतं की विचारू नका, अंगणात खड्डा करून भोवती बसायची सोय करता येते आणि तीन घरं लागली आहेत, चौथ्याची बोलणी चालू आहेत. "मुलगी दाखवून राहिल्यासारखे अंगण दाखवून राहिले लोक," ते म्हणाले.

पण त्यांची आठवण निघाली की मला सगळ्यात आधी दोन हजार चारचा हिवाळा आठवतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये माझे बाबा गेले. गुहागरजवळच्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते. चाळीस वर्षांचा संसार, आणि आई एकदम एकटी. दिवसकार्य उरकून, व्हिसाची धावपळ करून ऑक्टोबरात मी तिला इकडे घेऊन आले. वाटलं होतं, जागा बदलली की माणूस बदलेल. ती बदलली, पण उलट्या बाजूने. बोलायचीच थांबली. हो, नको, चालेल. या तीन शब्दांवर तिने तीन आठवडे काढले. वरच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून असायची, हात मांडीवर, नजर खिडकीतून पार्किंगकडे. जेवायला हाक मारली की खाली यायची, ताटात असेल तेवढं खायची, ताट विसळायची आणि पुन्हा वर. "मला परत पाठव," असंसुद्धा म्हणत नव्हती. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ऑफिसात माझं लक्ष लागेना. बाथरूममध्ये नळ सोडून मी रडायचे. वाटायचं, मी हिला मुळासकट उपटून आणलं आणि आता ही इथे माझ्या डोळ्यांदेखत वाळून चाललीये.

त्या मोसमातल्या पहिल्या शुक्रवारी काका आले तेव्हा मी दारातच सांगितलं, "काका, वर आई आहे. बाबा गेल्यापासून तिला बरं नाही, बोलतच नाही. जरा हळू बोला हं."

"कळलं," काका कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं शेजारच्या घरात ऐकू गेलं असावं.

मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं. आग पेटवणं हा त्यांच्या लेखी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. मधे कुणी हात लावायचा नाही. आधी वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्या, मग काटक्यांची चौकट, त्यावर आडवी लाकडं, त्यावर उभी, असा एक बुरूज ते रचायचे. तो पुरा झाला की चार पावलं मागे जाऊन बघायचे. आम्ही दोघं सोफ्यावर गप्प बसलो होतो. आई पाण्याची रिकामी बाटली घेऊन जिन्यावरून खाली आली आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

"वारा कुठून येणार त्याला?" ती म्हणाली.

मिलिंदने माझा हात दाबला.

काकांनी वळून पाहिलं. "नमस्कार, ताई. येते ना वारा. ही फट ठेवली आहे."

"ती वरची झाली. वारा खालून लागतो."

"ताई, वीस वर्षं झाली, अमेरिकेत हेच करून राहिलो मी."

"मग वीस वर्षं चुकतंय तुमचं," आई म्हणाली.

बाटली पायरीवर ठेवून ती पुढे आली. पदर खोचला, फायरप्लेससमोर उकिडवी बसली आणि तो अर्ध्या तासाचा बुरूज तिने दोन हातांनी मोडून टाकला. काका तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्यांच्या लाकडाला दुसऱ्या कुणी हात लावलेला मी प्रथमच पाहत होते. आईने दोन जाड लाकडं समांतर ठेवली, मधे काटक्या सैल टाकल्या, वर एकच लाकूड तिरकं टेकवलं. मग आणखी एक उचललं आणि थांबली. नखाने साल खरवडली, वास घेतला.

"हे कुठून आणलंत?"

"ओक आहे, ताई. नंबर एक. माझा खात्रीचा माणूस आहे."

"आतून ओलं आहे. यंदाच्याच पावसातलं दिसतंय."

काकांनी लाकूड तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं, गालाला लावलं, डोळे मिटले. "नाही, ताई. कोरडं आहे."

"गालाला वरचं कळतं. फोडून बघा."

काका तसेच उठले. गाडीतून कुऱ्हाड आणली, मागच्या अंगणात गेले. एक घाव, दुसरा घाव. आम्ही काचेच्या दारातून बघत होतो. ते फोडलेले दोन तुकडे घेऊन बराच वेळ तिथेच उभे राहिले. आत आले तेव्हा चष्म्यावर थंडीचं बाष्प धरलं होतं. त्यांनी तुकडा आईपुढे धरला. मधला भाग काळपट ओलसर होता.

"तुम्ही सांगितलं तसंच आहे," ते म्हणाले. या वेळी ते खरोखरच हळू बोलत होते.

आईने जाळ केला. एका काडीत. पण कोरडी निघाली तेवढीच लाकडं घातली, त्यामुळे तो लवकर विझला आणि ती वर निघून गेली. काका जेवायलाही थांबले नाहीत. जाताना बूट घालता घालता जिन्याकडे बघून त्यांनी मोठ्याने हाक मारली, "ताई! उद्या सकाळी दहाला येतो. तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही निवडा."

मी म्हणाले, "काका, ती बाहेर पडत नाही हो."

"बोलतही नव्हती म्हणून राहिली होतीस ना?"

सकाळी दहाला आई तयार होती. पातळावर माझं फुगीर जॅकेट, पायांत मोजे आणि मिलिंदचे जुने स्पोर्ट्स शूज, डोक्याला मफलर. मी काही विचारलं नाही. विचारलं आणि ती परत वर गेली तर, अशी भीती. ती काकांच्या शेजारी पुढे बसली आणि मी मागे लाकडांच्या भुशात.

आवारात गेल्यावर काकांनी म्हाताऱ्याला ते फोडलेलं लाकूड दाखवलं. म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. सप्टेंबरात त्याची पाठ धरली होती तेव्हा एका कामगाराने नवी लाकडं जुन्या राशीत मिसळली होती, आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "प्रोफेसर, लाज वाटते मला," तो म्हणाला. "कुणी पकडलं?"

काकांनी आईकडे बोट दाखवलं.

आईला इंग्रजी येत नव्हतं आणि म्हाताऱ्याला मराठी, पण दोघांची काहीच अडचण झाली नाही. ती राशींमधून चालू लागली आणि तो मागोमाग. एकेक लाकूड उचलायची, तळहातावर तोलायची. "हे आपल्या ऐनासारखं आहे, जड. हे सावरीच्या जातीचं, भसकन जळून जाईल. हे ठिणग्या उडवणार, काजूसारखं. नको." म्हातारा प्रत्येक वेळी मान डोलवून त्या झाडाचं इंग्रजी नाव सांगायचा. मेपल. पॉपलर. हेमलॉक. काका मधे भाषांतर करायला गेले तर आईने त्यांना हाताने गप्प केलं.

चालता चालता ती गोठ्याच्या मागे गेली. तिथे पत्र्याखाली एक जुनी, करडी पडलेली रास होती. आईने एक लाकूड दुसऱ्यावर हलकेच आपटलं. घंटेसारखं वाजलं.

"हे," ती म्हणाली.

म्हातारा हसायला लागला. "प्रोफेसर, त्यांना सांगा, ते विकायचं नाही. तीन वर्षं वाळवलेलं हिकरी आहे. ते आमच्या घरच्या स्टोव्हसाठी ठेवतो."

काकांनी सांगितलं. आई म्हणाली, "तेच तर. विकणारा स्वतःसाठी ठेवतो ते घ्यावं."

हे काकांनी इंग्रजीत सांगितल्यावर म्हातारा घरात गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला. "अर्धं न्या," तो म्हणाला. "बायको म्हणाली, ज्या बाईने ते शोधून काढलं तिला नाही म्हणू नको."

गाडी भरली. काकांनी चादर खोचली. आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग समोरच्या रस्त्याकडे बघत आई आपल्याशीच बोलल्यासारखी सांगू लागली.

"लग्न होऊन मी घरात आले ना, तेव्हा मे महिन्यात सरपण भरायचं राहून गेलं होतं. जून लागला. ह्यांनी कुठून तरी लाकडं आणली, ती ओली. सगळ्या घरात धूर. माझे डोळे दिवसभर वाहायचे. सासूबाई म्हणायच्या, पोरीला धूर सोसत नाही." ती थांबली. "धूर कसला! मला माहेरची आठवण यायची. पण चुलीपुढे रडलं की कुणाला कळायचं नाही. महिनाभर मनसोक्त रडून घेतलं."

मी मागून ऐकत होते. हे तिने मला कधीच सांगितलेलं नव्हतं.

"ह्यांना मात्र कळलं. कसं कळलं कोण जाणे. एक दिवस स्वयंपाकघरात आले, लाकडं बघितली, माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच रानात गेले. स्वतः निवडून ऐन आणला, किंजळ आणला. पडवीत रचला. मग चाळीस वर्षं दर एप्रिलला. गॅस आला तरी पाणी तापवायला म्हणून आणायचेच. मी एकदा म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, तुझ्या डोळ्यांना धूर लागायला नको. यंदाचंसुद्धा भरून ठेवून गेलेत. पडवी भरलीये नुसती."

गाडी हळू झाली होती. मला आरशात काकांचा चष्मा दिसला. त्यांनी तो काढला, बाहीने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"ताई," ते म्हणाले, "गाडीत धूर झाला वाटते."

आईने वळून त्यांच्याकडे बघितलं. आणि हसली. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग मफलर तोंडात कोंबून. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि मागे माझेही. तीन माणसं आणि पाव कॉर्ड हिकरी असे आम्ही ताशी तीस मैलांनी पार्सिपनीला चाललो होतो आणि मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या.

घरी आल्यावर आईने फायरप्लेसचा ताबा घेतला. काका शेजारी मांडी घालून बसले आणि ती मागेल ते देत राहिले. जाड. बारीक. नको, ते नको, पलीकडचं. जाळ असा लागला की मिलिंदला स्वेटर काढावा लागला. धुराचं नाव नाही. निखारे झाल्यावर आईने विचारलं, "बटाटे आहेत का गं?" आणि सगळे बटाटे राखेत पुरले. सोफे सोडून आम्ही चौघं जमिनीवर बसलो. सालीवरची राख झटकत, बोटं भाजून घेत, मीठ आणि तिखट लावून ते बटाटे खाल्ले. काकांनी सहा खाल्ले. दर बटाट्याला ते आईशी वाद घालत होते. धावडा चांगला की ऐन, नागपूरची थंडी खरी की कोकणातला पाऊस. आई एकाही मुद्द्यावर मागे हटत नव्हती. तिचा चढलेला आवाज ऐकत मी नुसती बसून राहिले होते.

आठच्या सुमारास काका उठले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दुसऱ्या घराची पाळी. ते दाराशी गेले, खाली वाकून बूट घालू लागले.

"भाऊ," आईने आतून विचारलं, "उद्या येणार ना?"

काका वाकलेलेच राहिले. चार घरं, वीस हिवाळे, आणि ते आपले जात होते. दारं उघडली जायची, चहा मिळायचा, लोक हसून स्वागत करायचे. पण आता मला जाणवलं, आम्हीसुद्धा त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

"उद्या?" ते म्हणाले. "उद्या... हो. येतो की, ताई. येतो." आणि घाईघाईने दार उघडून बाहेर पडले.

गाडीचे दिवे वळणावर दिसेनासे झाले तेव्हा मिलिंद खाली बघून म्हणाला, "अगं, माझे बूट घालून गेले ते."

सकाळी नऊला काका हजर. "बूट बदलायला आलो," असं दारातूनच जाहीर केलं. आईने आंबोळ्या घातल्या होत्या. दुपारी ते तिथेच गालिच्यावर लवंडले, घोरले, उठून चहा प्याले, पुन्हा वाद घातला, जेवले आणि रात्री परत गेले, मिलिंदचेच बूट घालून.